सतरा वर्षांची पोरं आणि रविवारची टेस्ट

२५ ऑक्टोबर २०१७. नवी मुंबईत डी. वाय. पाटील स्टेडियमवर सतरा वर्षांखालच्या विश्वचषकाची उपांत्य फेरी, स्पेनविरुद्ध माली. माली ३-१ ने हरला. आपल्या लातूर-नांदेडची त्याच वयाची पोरं तेव्हा कुठे होती? ट्युशन एरियात. पाठीवर सॅक, हातात मेसचा डबा, तोंडात नायट्रोजन चक्र.

त्याआधी महिनाभर, १५ सप्टेंबरला, सरकारने राज्यात दहा लाख पोरांना एकाच दिवशी फुटबॉल खेळवायचा घाट घातला होता. मिशन वन मिलियन! चेंडू वाटले, फोटो निघाले, फोटो वर पाठवले. दुसऱ्या दिवशी पीटीचा तास पुन्हा गणिताच्या सरांकडे.

कुणी म्हणेल, आमचा भाग दुष्काळी, मैदानावर पाणी मारायचं कुठून? खरंय बाबा, एप्रिल २०१६ मध्ये लातूरला प्यायचं पाणीसुद्धा मिरजेहून रेल्वेने आलं. पण माली कुठे गंगेकाठी वसलाय? अर्धाअधिक सहारा. शेजारचा नायजर त्याहून कोरडा. त्या विश्वचषकात पहिल्यांदाच आला आणि उत्तर कोरियाला हरवून बाद फेरीत गेला. यजमान भारताला घानाने चार गोल घातले.

मालीचा सालिफ केइता १९७० मध्ये आफ्रिकेचा सर्वोत्तम फुटबॉलपटू ठरला. हा मान मिळवणारा पहिलाच. फ्रान्स, स्पेन, पोर्तुगालची मैदानं गाजवून गडी पुढे बामाकोत पोरांसाठी फुटबॉलची शाळा काढून बसला. बार्सिलोनाकडून खेळलेला सेदू केइता तिथलाच. आमच्याकडे शिकलासवरलेला माणूस गावी परतला की क्लास काढतो. (मालीचा थोरला संघ विश्वचषकाला एकदाही पात्र ठरलेला नाही, हेही सांगून टाकतो. नाहीतर पत्रं येतील.)

भारताच्या त्या संघात कोल्हापूरचा अनिकेत जाधव होता, पुण्याच्या क्रीडा प्रबोधिनीत घडलेला. कोल्हापूरला पेठेपेठेत तालीम आणि तालमीतालमीचा फुटबॉल संघ. नांदेडही काही खेळाला पारखं नाही. तिथल्या गुरू गोविंदसिंगजी हॉकी चषकाला देशभरातून संघ येतात. बघायला आपली पोरं येतील कशी? टेस्ट असते.

तेव्हा क्लासवाल्या सरांना हात जोडून विनंती: टॉपरांचे फोटो लावा, होर्डिंग आणखी मोठं करा, फी वाढवा. फक्त रविवारची टेस्ट दुपारी घ्या. सकाळी पोरांना मैदानावर सोडा.