सुपारीला चुना

आमच्या घरात 'लघवी' हा शब्द उच्चारायची पद्धत नव्हती. शाळेत करंगळी वर केली की भागायचं. घरी 'जाऊन येतो' म्हटलं की कुठे, असं कोणी विचारत नसे. लग्नानंतर बायकोने 'बाथरूमला' या एका चतुर्थी विभक्तीवर तेवीस वर्षं निभावून नेली. लॅबच्या काउंटरवर मीसुद्धा 'युरिन' म्हणतो, तेही तोंडासमोर फाईल धरून. असा मी एका सकाळी डोंबिवली फास्टमध्ये, दिवा आणि ठाण्याच्या मधे, एका कानात बोट घालून फोनवर ओरडत होतो, "सुपारीचं काय झालं?... रक्त? किती?... ते काही नाही, आज सुपारीचं काम झालंच पाहिजे. मी संध्याकाळपर्यंत थांबणार नाही!"

समोरच्या गृहस्थांनी पेपराची घडी घातली, माझ्याकडे न बघता ते उठले आणि दाराकडे सरकले. डोंबिवली फास्टमध्ये खिडकीची जागा स्वखुशीने सोडणारा माणूस मी तेव्हा पहिल्यांदा पाहिला.

सुपारी ही आमची गिनीपिग. रोठा सुपारी अडकित्त्यात फोडली की आत जशी तपकिरी-पांढरी नक्षी दिसते तसा तिचा रंग, म्हणून मुलीने ठेवलेलं नाव. जोडीला खोबरं, ती पांढरीशुभ्र. या प्राण्याचा गिनी देशाशी संबंध नाही आणि डुकराशीही नाही. मूळ दक्षिण अमेरिकेतल्या अँडीज पर्वतातला. तिकडे हजारो वर्षं माणसं यांना पाळून खात आली; आमच्याकडे यांनी आम्हाला खाल्लं. एकच आणू या, असं मी म्हणालो होतो. तर एकटा गिनीपिग झुरतो, स्वित्झर्लंडमध्ये एकटा ठेवायला कायद्यानेच बंदी आहे, असं मुलीने सांगितलं. आपण डोंबिवलीत राहतो, हा माझा मुद्दा टिकला नाही. पुढे मुलगी शिकायला पुण्याला गेली. होस्टेलवर जनावरं चालत नाहीत, त्यामुळे स्विस कायद्याचं पालन माझ्या गळ्यात आलं. माझी आई त्या दोघींना 'उंदीर' म्हणायची. एकवचनीच. 'तुझा उंदीर शिट्ट्या मारतोय.'

शिट्ट्या खऱ्याच. फ्रिजचं दार उघडलं की दोघी पिंजऱ्याच्या गजांना पाय लावून 'वीक वीक' सुरू करतात. कोथिंबिरीची पिशवी कशी वाजते आणि पावाची कशी, हे त्यांना पलीकडच्या खोलीतून कळतं. मला अजून कळत नाही. त्यामुळे एका पहाटे साडेपाचला शिट्टी आली तेव्हा मी झोपेतच म्हणालो, "फ्रिज बंद करा."

फ्रिज बंदच होता. सुपारी कोपऱ्यात पाठीची कमान करून, केस फुलवून बसली होती आणि खालच्या लुगड्याच्या तुकड्यावर फिकट गुलाबी डाग होता. आदल्या दिवशी तिने बीट खाल्लं होतं. बीटाने यांच्या लघवीला रंग येऊ शकतो, असं बायकोने कुठेतरी वाचलेलं होतं आणि आम्ही दोघं अत्यंत आनंदाने त्या बीटावर विसंबलो. दुसऱ्या दिवशी पुन्हा तसंच. तिसऱ्या दिवशीही. घरात तोवर बीट उरलेलं नव्हतं. आमचा विश्वास मात्र उरला होता.

हे प्राणी दुखणं लपवतात. रानात जो कण्हतो तो आधी खाल्ला जातो, म्हणून यांच्या रक्तातच न कण्हणं आहे. पोट बिघडो, दात वाढो, चेहरा तोच. अशा प्राण्याने दर वेळी किंचाळावं, म्हणजे आत काय होत असेल! हे आम्हाला तिसऱ्या दिवशी कळलं. त्या तीन दिवसांचं मला अजून वाईट वाटतं आणि त्यावर काही विनोद सुचत नाही.

जवळचे पशुवैद्य सरळ माणूस निघाले. "कुत्रा, मांजर, म्हैस, काहीही सांगा. यात मी हात घालणार नाही," म्हणाले आणि त्यांनी मुंबईच्या एका उपनगरातल्या मॅडमचा पत्ता दिला. मॅडम ससे, गिनीपिग, पक्षी असल्यांचंच बघतात.

मॅडमनी पहिलाच प्रश्न विचारला, "लघवी करताना ओरडते का?"

"म्हणजे... जाताना..."

"कुठे जाताना?"

"लघवी करताना," बायको म्हणाली. आमच्या घराण्यात तो शब्द पहिल्यांदा तिने उच्चारला. मी भिंतीवरचा सशाचा दात बघत उभा राहिलो.

मग प्रश्नांची सरबत्तीच. दिवसातून किती वेळा? धार की थेंब? गढूळ की निवळ? गढूळ असली तर हरकत नाही, यांची गढूळच असते आणि वाळल्यावर पांढरा डागही पडतो. पण तो डाग बोटावर चोळून पाहिला का? पिठासारखा लागतो की कचकचतो? आम्ही चोळून पाहिला नव्हता. मॅडमच्या चेहऱ्यावर असा भाव आला की जणू आम्ही मुलीचं प्रगतिपुस्तक न बघताच सही केली होती. त्या दिवसापासून मी चोळणारा माणूस झालो.

एक्स-रेत तिचं इवलंसं हाडांचं शिल्प दिसलं आणि खाली, मूत्राशयात, एक पांढरा ठिपका. साबुदाण्याएवढा. आजूबाजूला थोडा गाळ.

"मुतखडा," मॅडम म्हणाल्या.

आपण जेवढं कॅल्शियम खातो त्यातलं शरीर गरजेपुरतं आत घेतं. गिनीपिगचं शरीर हा हिशेब ठेवत नाही. खाल्लेलं बरंचसं आत घ्यायचं आणि नको असलेलं लघवीवाटे टाकून द्यायचं, असा त्याचा खाक्या. एखाद्या वेळी टाकून द्यायचं ते टाकलं जात नाही आणि साठतं. "खडा बहुतेक कॅल्शियम कार्बोनेटचा असणार," मॅडमनी समजावलं. "म्हणजे शाळेतला खडू घ्या, चुनखडी घ्या, त्याच जातीचं."

"म्हणजे सुपारीला चुना लागला," मी म्हणालो. बायकोने नुसतं बघितलं. बाहेर बिलाच्या काउंटरवर मात्र ती म्हणाली, "लागला खरा. पण सुपारीला नाही."

त्याआधी एक कबुली द्यावी लागली. हिरवं काय देता, असं मॅडमनी विचारल्यावर मी छाती काढून सांगितलं होतं की ओळखीच्या तबेल्यातून ताजा लसूणघास आणतो. रोज, फुकट.

"तो म्हशींना घालतात ना?"

"हो, दूध वाढतं म्हणे."

"सुपारी दूध देते?"

लसूणघासात कॅल्शियम भरपूर असतं. गाभण मादीला किंवा वाढत्या पिल्लाला तो ठीक. मोठ्या गिनीपिगला साधं वाळलेलं गवत, टिमथी नावाचं, दिवसभर हवं तेवढं. त्या गवताचा भाव ऐकल्यावर कळतं की आपण बासमती उगाच जपून खात होतो. नुसत्या घासाने खडा होतो असं नाही, हे मॅडमनी मला बरं वाटावं म्हणून सांगितलं असेल, पण ते खरंही आहे. पाणी कमी पिणं असतं, जंतू असतात, प्रत्येकाचा पिंड असतो. खोबऱ्याने तोच घास तितकाच खाल्ला आणि तिचा एक्स-रे कोऱ्या पाटीसारखा आला.

वेदना कमी करणारं एक औषध, जंतूंवर एक, आणि भरपूर पाणी पोटात जाईल असं बघायचं; खडा खाली सरकतो का ते आठवड्याने पाहू, असं ठरलं. औषध सिरिंजने तोंडाच्या कडेतून, पुढच्या दातांच्या मागे सोडायचं. वेदनेचं औषध गोड होतं. ते सुपारी मिटक्या मारत प्यायची आणि दुसरं माझ्या शर्टावर सोडायची.

या आठवड्यात औषधं सुचवणारे पुष्कळ निघाले. खालच्या मजल्यावरच्या काकांनी त्यांच्या दाढेच्या वेळची उरलेली अॅमॉक्सिसिलिनची अर्धी पट्टी आणून दिली. मॅडमनी नेमकं तेच बजावलं होतं: पेनिसिलिनच्या घराण्यातलं काहीही तोंडाने गेलं तर यांच्या पोटातले कामाचे जंतू मरतात, विषारी माजतात, आणि प्राणी दगावतो. १९४० साली ऑक्सफर्डमध्ये पेनिसिलिनचा पहिला प्रयोग झाला तो उंदरांवर, आणि उंदीर वाचले. गिनीपिगवर केला असता तर ते औषध विष समजून बहुधा बाजूला पडलं असतं. प्रयोगाच्या प्राण्याला इंग्रजीत ज्याचं नाव पडलं, नेमका तोच त्या दिवशी टेबलावर नव्हता आणि माणसांचं कल्याण झालं. मी हे सगळं काकांना सांगितलं. ते म्हणाले, "मग चतकोर द्या."

आईचा भरवसा कुळथावर. आम्ही राजापूरकडचे, तिकडे मुतखड्याला कुळथाचं कढण हे ब्रह्मवाक्य. तिने वाटीभर कढण करून पिंजऱ्यापुढे ठेवलं, वर तुपाची धार. मी सांगितलं, यांचं पोट गवताचं, याला कडधान्य चालत नाही. शिवाय माणसाचा खडा बहुतेक वेळा ऑक्झलेटचा, हिचा कार्बोनेटचा, जातच वेगळी.

"मुतखड्यात पण जात आणलीस?" आई म्हणाली आणि कढण स्वतः प्यायली.

फ्रिजवर एक कागद लावला होता. बायकोचं अक्षर सुवाच्य: 'स. ६.१० झाली, ओरडली. ७.४० झाली, थोडी ओरडली. ९.०० बसली, झाली नाही. वजन ९१० ग्रॅ.' वजन रोज स्वयंपाकघरातल्या त्या काट्यावर व्हायचं ज्यावर दिवाळीत बेसन मोजतात. गिनीपिग आजारी आहे हे त्याच्या तोंडाआधी काटा सांगतो. शिवाय बारा-पंधरा तास उपाशी राहिला तर आतडी थांबतात आणि मूळ आजार बाजूलाच राहतो, म्हणून ती खात नसेल तेव्हा गवताच्या भुकटीची पेज सिरिंजने भरवायची. एका रविवारी आईची भाची आली, पाणी घ्यायला फ्रिजपाशी गेली आणि वजनाच्या ओळीपर्यंत न पोचताच डोळ्यांत पाणी घेऊन बाहेर आली. "आत्ये, एवढा त्रास होतो आणि तू कुणाला बोलली नाहीस!"

आईला काही कळेना. मग कळलं. मग ती जी हसायला लागली, ती पदर तोंडात घालून पाच मिनिटं. पण त्या दिवसापासून तिने 'उंदीर' म्हणणं सोडलं. दुपारी आम्ही दोघं कामावर असताना फ्रिजवरच्या कागदावर तिरक्या अक्षरात नोंदी पडू लागल्या: 'सुपारीस मोकळी झाली.'

आठवड्याने दुसरा एक्स-रे निघाला. खडा खाली सरकून बाहेरच्या वाटेच्या तोंडाशी येऊन बसला होता. ही नशिबाची गोष्ट. मादीची वाट आखूड आणि थोडी सैल, त्यामुळे कधी खडा आपणहून पडतो, कधी तोंडाशी सापडतो. नराच्या वाटेत अडकला तर लघवीच बंद होऊ शकते आणि मग हातात तास असतात, दिवस नाहीत. पोट न फाडता काढता येईल, असं मॅडम म्हणाल्या. भूल मात्र द्यावी लागणार होती.

"उद्या रात्रीपासून उपाशी ठेवू ना?" मी माझ्या हर्नियाच्या ऑपरेशनच्या अनुभवावरून विचारलं.

"खबरदार! भरपेट आणा. येताना टॅक्सीतसुद्धा गवत असू दे." या प्राण्याला उलटीच होत नाही, तेव्हा ती भीती नाही, रिकामं पोट हीच भीती. असलं ऑपरेशन माणसांना मिळालं असतं तर!

पाऊण तासाने मॅडम बाहेर आल्या. गॉजच्या तुकड्यावर एक मळकट पांढरा, गोल दाणा. आत सुपारी डोळे किलकिले करून बसली होती, आणि तासाभराने तिने माझ्या बोटातली कोथिंबिरीची काडी ओढून घेतली तेव्हा आम्हा दोघांना एकाच वेळी भिंतीवरचा सशाचा दात बघावासा वाटला.

खडे पुन्हा होतात, आणि बऱ्याचदा होतात, हे मॅडमनी आडपडदा न ठेवता सांगितलं. तेव्हापासून तबेला बंद. पालक बंद. गोळी-खाद्य चमचाभर. भाज्या धुऊन ओल्याच द्यायच्या, म्हणजे पाणी आपोआप पोटात जातं. रोज ढोबळी मिरचीची एक फोड, कारण माणसासारखंच यांच्या शरीराला क जीवनसत्त्व तयार करता येत नाही. १९०७ साली नॉर्वेत दोन संशोधकांना स्कर्व्हीचं कोडं उकलायला हेच प्राणी उपयोगी पडले होते. तीन महिन्यांनी एक्स-रे. मुलगी पुण्याहून रोज रात्री फोन करते आणि 'कसे आहात' न म्हणता "झाली का?" विचारते. झाली, असं मी खणखणीत सांगतो.

खडा ठेवायला आईने आपली चुन्याची पितळी डबी घासून-पुसून दिली. "चुना चुन्याच्या जागी," म्हणाली.

ही डबी मी एके दिवशी गाडीत नेली ती अण्णांसाठी. अण्णा आमच्या डोंबिवली फास्टच्या ग्रुपमधले ज्येष्ठ. त्यांचा स्वतःचा मुतखडा १९९८ सालचा, होमिओपॅथीच्या गोळ्यांच्या बाटलीत जपलेला, आणि सुपारीचं कळल्यापासून त्यांना दोन्ही शेजारी ठेवून बघायचे होते. ठाणं गेल्यावर त्यांनी बाटली काढली. मी डबी काढली. पेपर अंथरला. अण्णांचा तपकिरी, काटेरी, तुतीच्या फळासारखा. सुपारीचा पांढरा, बराच गुळगुळीत. आठ डोकी वाकली. अण्णा बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "एक किलोचं जनावर. त्या मानाने हिचाच मोठा," आणि आपली बाटली खिशात ठेवली.

घाटकोपरला गर्दी आत घुसली. मी घाईने खडा डबीत टाकला, झाकण लावणार तोच खांद्यावरून एक हात पुढे आला. तळव्यावर तंबाखू मळायला तयार होती.

"जरा चुना द्या."