जरतरकर

हैदराबादच्या बरकतपुऱ्यात फुटबॉल बघणारे पुष्कळ आहेत. जरतरकर फुटबॉल बघत नाहीत, गुणतक्ता बघतात. सामना चालू असताना त्यांचं तोंड टीव्हीकडे असतं, पण डोळे मांडीवरच्या रजिस्टरात. गोल झाला की आपण ओरडतो, ते खोडतात. पेन्सिलीनं लिहिलेलं खोडरबरानं खोडतात, भुगा फुंकतात, नवा आकडा लिहितात आणि मगच विचारतात, "कुणी मारला?" उत्तराची वाट मात्र बघत नाहीत, कारण कुणी मारला यावर काहीच अवलंबून नसतं.

जरतरकर हे त्यांचं खरं आडनाव नव्हे. खरं आडनाव जिन्याखालच्या पाटीवर आहे, पण पाटी रंगवणाऱ्या तेलुगू पेंटरनं त्याचं जे काही केलंय ते पाहता टोपणनावच बरं. शिवाय हा माणूस फक्त आमच्याच इमारतीत राहतो असं थोडंच आहे? पुण्यात तो निव्वळ धावगतीवर जगतो, नागपुरात आघाडीच्या जागावाटपावर. कोल्हापुरात तो शाहू स्टेडियमच्या पायऱ्यांवर बसून पाटाकडील तालमीला लीगमध्ये अजून किती गुण हवेत ते सांगत असतो. आमच्या वाट्याला आलेला विवेकवर्धिनीत शिकला, भविष्य निधीच्या कचेरीत चिकटला आणि कचेरीही बरकतपुऱ्यातच असल्यामुळे उभी नोकरी पायी करून निवृत्त झाला. त्या नोकरीत त्यांना एकच प्रश्न पडायचा: प्रकरण नियमात बसतं का? निवृत्तीनंतर प्रकरणं संपली, प्रश्न उरला. तो त्यांनी फुटबॉलला जोडला.

४८ संघांच्या विश्वचषकाची नियमावली त्यांनी झेरॉक्सच्या दुकानातून छापून आणली, स्पायरल बाइंडिंग करून. चार-चार संघांचे १२ गट. प्रत्येक गटातले पहिले दोन पुढे, म्हणजे २४. बाद फेरीला हवेत ३२. मग उरलेले आठ कुठून आणायचे? तर बारा गटांतल्या बारा तिसऱ्यांमधून सर्वोत्तम आठ. इथवर आम्हालाही कळतं. पण बारातले कोणते आठ गट आपला तिसरा पुढे पाठवणार यावर कुणाची गाठ कुणाशी पडणार हे ठरतं, आणि बारातून आठ निवडायचे प्रकार होतात ४९५. नियमावलीच्या शेवटी त्या ४९५ शक्यतांचा तक्ता आहे. तो छापणाऱ्यांनीही सलग वाचला नसेल. जरतरकर काकांनी वाचला, आवडलेल्या ओळींवर बरोबरची खूण केली. दुकानातल्या पोरानं पानं लावताना विचारलं, "अंकल, घराच्या कर्जाचे हप्ते का?"

याच नियमावलीनं त्यांना एक धक्काही दिला. दोन संघांचे गुण सारखे झाले तर विश्वचषकात आजवर आधी गोलफरक बघत. आता आधी त्या दोघांचा आपसातला सामना बघायचा, गोलफरक मागाहून. काकांनी गोलफरकावर वर्षानुवर्षं रजिस्टरं भरलेली. सुतक पाळल्यासारखे दोन दिवस कुणाशी बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी लक्षात आलं की वेगवेगळ्या गटांतले तिसरे आपसात खेळलेलेच नसतात, तेव्हा त्यांच्यापुरता गोलफरक शाबूत आहे. लगेच खाली उतरून त्यांनी ही बातमी वॉचमनला सांगितली.

तिसऱ्या क्रमांकाशी त्यांचं नातं जिव्हाळ्याचं आहे. पहिला क्रमांक काय, ज्याला खेळता येतं तो कुणीही मिळवील. तिसरा राहून पुढे जाणं म्हणजे एटीकेटीवर वरच्या वर्गात बसणं; त्याला विद्यापीठाचे नियम पाठ लागतात. २०१६च्या युरोत पोर्तुगालनं गटातले तिन्ही सामने बरोबरीत सोडवले: आइसलँडशी १-१, ऑस्ट्रियाशी ०-०, हंगेरीशी ३-३. एकही विजय नाही, गटात तिसरे, आणि शेवटी चषक त्यांच्याच हातात. काकांच्या मते रोनाल्डोची थोरवी त्या तीन बरोबऱ्यांत आहे. इतर गोलांबद्दल त्यांना फारशी माहिती नाही.

१९९४चं कालनिर्णय त्यांनी अजून जपून ठेवलंय. जूनच्या पानामागे त्या विश्वचषकाचा ई गट लिहिलेला आहे. मेक्सिको, आयर्लंड, इटली, नॉर्वे. चौघांचे चार-चार गुण, चौघांचा गोलफरक शून्य. मेक्सिकोचे गोल तीन म्हणून तो पहिला. आयर्लंड आणि इटली दोन-दोन, पण आयर्लंडनं इटलीला हरवलेलं म्हणून तो दुसरा. नॉर्वेचा एकच गोल म्हणून तो घरी. तिसरी इटली थेट अंतिम सामन्यात पोचली. पाहुण्यांना काका लग्नाचा अल्बम दाखवत नाहीत, हे पान दाखवतात.

पूर्ण सामना डोळ्यांनी बघितल्याचं त्यांचं उदाहरण मला एकच ठाऊक आहे: २८ जून २०१८, जपान विरुद्ध पोलंड. संध्याकाळची वेळ, चौकातल्या इराण्याकडे टीव्ही लावलेला. जपान एका गोलनं मागे, तिकडे सेनेगलही कोलंबियाकडून तितक्याच फरकानं मागे. दोघांचे गुण चार, केलेले गोल चार, खाल्लेले चार, आपसातला सामना २-२. मग उरली पिवळी कार्डं. जपानला चार, सेनेगलला सहा. हे कळल्यावर जपाननं शेवटची दहाएक मिनिटं चेंडू आपल्याच अंगणात इकडून तिकडे ढकलत काढली. तिकडे स्टेडियममध्ये प्रेक्षक हुर्यो उडवताहेत, इकडे हॉटेलात पोरं शिव्या घालताहेत, आणि काका खुर्चीवरून उठून टाळ्या वाजवताहेत. उस्मानिया बिस्किटांची बशी ठेवता ठेवता वेटरनं विचारलं, "चच्चा, हारके बी पास हो गए बोलतें?"

"हौ."

"होर वो सेनेगलवाले क्या करे थे?"

"दो कार्ड ज्यादा."

"नक्को बाबा," तो म्हणाला, "ये मैदान है की मदरसा?"

काकांनी त्याला उत्तर म्हणून नॅपकिनवर तक्ता काढून दिला. हिशेब होईपर्यंत चहाची दुसरी फेरी आमच्या बिलात चढली होती.

गटातले शेवटचे दोन सामने एकाच वेळी का खेळवतात, हा त्यांचा आवडता विषय. आणि एकदा तो निघाला की जिन्यात अडकलेल्या माणसाची सुटका नाही. १९८२ साली स्पेनमध्ये अल्जीरियानं पश्चिम जर्मनीला २-१ हरवलं होतं. अल्जीरियाचे सामने संपल्यावर दुसऱ्या दिवशी, २५ जूनला, हिहोनमध्ये जर्मनी आणि ऑस्ट्रिया समोरासमोर आले. जर्मनी एक-दोन गोलनं जिंकली तर दोघंही पुढे, अल्जीरिया बाहेर. दहाव्या मिनिटाला जर्मनीचा गोल झाला आणि उरलेला वेळ दोन्ही संघांनी एकमेकांना न दुखवता घालवला. १९८६पासून शेवटचे सामने एकाच घटकेला सुरू होऊ लागले. अल्जीरियाला त्याचा उपयोग शून्य, आमच्या इमारतीला मात्र ताप झाला. कारण एकाच वेळी दोन सामने म्हटल्यावर काकांना दोन टीव्ही लागतात.

दुसरा टीव्ही समोरच्या फ्लॅटमध्ये. २०२२ची १ डिसेंबर उलटून गेलेली, रात्रीचे साडेबारा. दोन्ही दारं सताड उघडी, मधल्या जागेत लुंगी आणि स्वेटर घातलेले काका. डाव्या कानात जपान-स्पेन, उजव्या कानात जर्मनी-कोस्टारिका. डावा टीव्ही केबलवर, उजवा मोबाइलच्या जोडणीवर, त्यामुळे उजवीकडचं जग डावीकडच्यापेक्षा अर्धा मिनिट मागे. सत्तराव्या मिनिटाला कोस्टारिकानं दुसरा गोल केला आणि तीन मिनिटं अशी आली की स्पेन आणि जर्मनी दोघंही बाहेर! काकांना घाम फुटला. आतून काकू म्हणाल्या, "अहो, आत या, चोर समजतील." "तीन मिनिटं थांब," काका म्हणाले, आणि योगायोग असा की तीनच मिनिटांत जर्मनीनं बरोबरी केली. पुढे जर्मनी ४-२ जिंकून बाहेर, स्पेन हरून आत. समोरच्या फ्लॅटमधले जर्मनीचे चाहते 'आम्ही जिंकलो' म्हणत नाचताहेत, आणि हे त्यांना दारात उभे राहून समजावताहेत की तुमचं आटोपलं. त्या घराशी बोलणं पूर्ववत व्हायला उगादीची पचडी खावी लागली.

भारताच्या बाबतीत मात्र पेन्सिल थोडी थरथरते. हैदराबादचा जुना माणूस. सय्यद अब्दुल रहीम हे नाव त्यांच्याकडे आदरानंच निघतं. काचीगुड्याच्या शाळेत कधी काळी मास्तर असलेल्या या प्रशिक्षकाचा संघ १९६२च्या जकार्ता एशियाडमध्ये पहिलाच सामना दक्षिण कोरियाशी ०-२ हरला, मग थायलंडला ४-१ आणि जपानला २-० हरवून गटात दुसरा आला, आणि अंतिम सामन्यात त्याच कोरियाला २-१ नमवून सुवर्ण घेऊन आला. "दुसरा! दुसरा आला होता गटात," काका बजावतात. सुवर्णपदकाचा उल्लेख ओघात.

नंतरची पानं वाचवत नाहीत. जानेवारी २०१९, संक्रांतीच्या तोंडावर, शारजात आशिया चषकाचा सामना बहारीनशी. नुसती बरोबरी हवी होती. नव्वद मिनिटं ०-० टिकली, म्हणजे गटात आपण दुसरे. भरपाई वेळेत पेनल्टी, गोल, आणि एका मिनिटात दुसऱ्याचे चौथे. जून २०२४मध्ये दोह्यात कतारनं सीमारेषेबाहेर गेलेला चेंडू आत ओढून गोल केला आणि पंचांनी तो दिला. त्या पानावर काकांनी रेषा मारून चेंडू रेषेबाहेर काढून दाखवलाय. ऑक्टोबर २०२५मध्ये मडगावात सिंगापूरनं २-१ हरवलं आणि २०२७च्या आशिया चषकाचंही दार बंद झालं. त्या रात्री मी मुद्दाम विचारलं, "आता काही जर-तर?" ते म्हणाले, "शेजारचा गट बघू." भारत त्या गटात नव्हता, पण तिथे समीकरण जिवंत होतं.

गेल्या गणपतीत इमारतीच्या असोसिएशनच्या कॅरम स्पर्धेची आखणी त्यांच्याकडे आली. दरवर्षी हरला तो बाहेर, एका संध्याकाळीत मोकळे. जोड्या नऊ. काकांनी तीन-तीनचे तीन गट पाडले. प्रत्येक गटातले पहिले दोन पुढे, शिवाय सर्वोत्तम दोन तिसरे. प्रेसिडेंटगारूंनी बोटं मोजली. "म्हणजे नऊ मॅचेस खेळून एकच जोडी बाहेर?" काका म्हणाले, "विश्वचषकात तरी काय, ७२ सामने खेळून १६च बाहेर जातात." आकडा ऐकून विरोध मावळला. पिवळं कार्डही ठेवलं. पंचाशी हुज्जत घातली की एक.

चार रात्री खटखट चालली. अखेर तीन तिसरे उरले. एक जोडी गुणफरकावर सुटली. उरलेल्या दोन जोड्या, म्हणजे दुसऱ्या मजल्यावरची शाळकरी पोरं आणि काका-काकू, सगळ्या बाबतींत समान. शेवटचा निकष वर्तणूक. पोरांची पाटी कोरी. काकांच्या नावावर दोन पिवळी: पहिलं पंचाला नियम समजावल्याबद्दल, दुसरं तो नियम कुणी केला हे समजावल्याबद्दल.

निकाल काकांनीच माइकवरून वाचला, आणि वाचताना त्यांचा आवाज अभिमानानं दाटून आला होता. खाली उतरल्यावर म्हणाले, "बघितलंस? नियम किती चोख निघाला!"

काकूंनी पुढच्या वर्षीसाठी जोडीदार बदलल्याचं प्रेसिडेंटगारूंना त्याच रात्री लेखी कळवलं.