पाठमोरा नाखवा

अमेरिकेच्या पश्चिमेकडील डोंगराळ राज्यांत, विशेषतः आयडाहो आणि मोंटाना येथे, उन्हाळ्याच्या तोंडाशी एक मध्यमवयीन पुरुषवर्ग दृष्टीस पडू लागतो, ज्याची स्वतःची नाव मोटारीच्या डिकीत मावते आणि जो ही गोष्ट नव्याने भेटलेल्या माणसाला पहिल्या पाच मिनिटांत सांगितल्याशिवाय राहत नाही. या नावेला ‘फ्लोट ट्यूब’ म्हणतात: हवा भरून फुगवायचे, एका माणसापुरते तरंगते आसन, ज्यात बसणाऱ्याचे पाय पाण्यात लोंबत राहतात आणि मांडीवर गळाची सैल दोरी साठवण्यासाठी जाळीचे एक एप्रन ताणलेले असते. त्या एप्रनवर बहुधा इंचांच्या खुणा छापलेल्या असतात, कारण पकडलेला मासा पुन्हा पाण्यात सोडून द्यायचा असला तरी त्याची लांबी ही काही सोडून देण्याची गोष्ट नव्हे.

ट्रकच्या चाकातील रबरी ट्यूबवर कॅनव्हासचे आवरण चढवायचे आणि मधल्या भोकात झोळीसारखी बैठक शिवायची, हा या नावेचा जुना अवतार होय. तशाच ट्यूबवर बसून जाळे टाकणारे मच्छीमार महाराष्ट्रातील धरणांच्या जलाशयांवरही दिसतात. मात्र ते मासा विकण्यासाठी धरत असल्यामुळे त्यांचे एका ट्यूबवर भागते, आणि अमेरिकेतील हा नाखवा केवळ हौसेखातर धरत असल्यामुळे त्याचे कशावरच भागत नाही. गोल ट्यूबमध्ये शिरणे आणि तीतून बाहेर पडणे हे दोन्ही विधी लोकांसमक्ष करण्यासारखे नव्हते, म्हणून पुढे समोरून उघड्या अशा इंग्रजी यू आणि व्ही या अक्षरांच्या आकाराच्या ट्यूबा आल्या, ज्यांत माणसाला निदान खुर्चीत बसल्याचा आव आणता येतो.

ही नाव चालते ती पायांतील फिन्समुळे, म्हणजे पाणबुडे घालतात त्या लांब रबरी पंजांमुळे. बसलेल्या माणसाने पंजे झाडले की पाणी पुढे ढकलले जाते आणि माणूस मागे सरकतो, त्यामुळे या जलप्रवासाची मुख्य दिशा उलटी असते. जमिनीवरही स्थिती वेगळी नसते, कारण फिन्स घालून सरळ चालू गेल्यास त्यांची टोके मातीत रुततात आणि नाखवा तोंडघशी पडतो. म्हणून तो वेडर्स, म्हणजे छातीपर्यंत येणारी आणि पावलांसकट शिवलेली जलरोधक विजार, घालून, ट्यूब कमरेशी धरून, मागे मागे पावले टाकीत तळ्यात उतरतो. ज्या दिशेला तो चाललेला असतो ती वगळता उरलेल्या सर्व दिशांचे त्याला सूक्ष्म ज्ञान असते. असे दोन नाखवे पाठीला पाठ लावून आदळतात तेव्हा चूक कोणाची हा प्रश्नच निघत नाही, कारण साक्ष देऊ शकेल असे डोळे दोघांनाही विरुद्ध बाजूला असतात.

तथापि या माणसाचा खरा पिंड पाण्यावर नव्हे, तर आदल्या रात्री दिवाणखान्यात दिसून येतो. कारखान्यातून आलेली पिशवी ही तीतील वस्तू एकदा बाहेर काढण्यापुरतीच शिवलेली असते, हा अनुभव सार्वत्रिक असूनही दर हंगामात तो ती ट्यूब त्याच पिशवीत पुन्हा घालण्याचा प्रयत्न नव्या उमेदीने करतो. व्हॉल्व्ह उघडा ठेवून, पंपाची नळी उलट्या तोंडाला जोडून तो आतली उरलीसुरली हवा ओढून घेतो, मग दूरच्या टोकाकडून व्हॉल्व्हच्या दिशेने गुंडाळी करीत येतो, प्रत्येक वळकटीवर गुडघे टेकून दाब देतो, आणि शेवटी पिशवीची चेन दोन बोटे अपुरी राहिली की घरच्या मंडळींकडे त्या दोन बोटांना तेच जबाबदार असल्यासारखे पाहतो.

ट्यूब घरीच फुगवून मोटारीच्या टपावर बांधून न्यावी की तळ्याकाठी फुगवावी, याविषयी या वर्गात दोन पंथ आहेत आणि त्यांच्यात रोटीव्यवहार असला तरी एकमत नाही. टपपंथीयांचा युक्तिवाद असा की घरी विजेचा पंप असतो आणि काठावर पोचताच पाण्यात उतरता येते. या युक्तिवादाला वातावरणाची साथ नाही. बॉयझी हे आयडाहोचे राजधानीचे शहर समुद्रसपाटीपासून सुमारे २,७०० फुटांवर आहे, तर यलोस्टोन राष्ट्रीय उद्यानाच्या पश्चिमेस असलेले, ट्राउट माशांसाठी ख्यातनाम असे हेन्रीज लेक सुमारे ६,४७० फुटांवर. या चढणीत बाहेरच्या हवेचा दाब दर चौरस इंचाला साधारण पावणेदोन पौंडांनी उतरतो, आणि ट्यूबमध्ये मुळात भरलेला जादा दाबच जेमतेम एक-दोन पौंडांचा असल्याने बॉयझीत नीट फुगलेली ट्यूब वर पोचेपर्यंत नगाऱ्यासारखी टणक होते. शहाणा टपपंथीय वाटेत थांबून थोडी हवा सोडतो. मग थंड पाण्यात उतरल्यावर आतली हवा आकुंचन पावते, ट्यूब मऊ पडते आणि त्याची बैठक खाली जाऊन पाणी वेडर्सच्या काठाकडे पाहू लागते, म्हणून तो परत येऊन पंप मारतो. दुपारी ती उन्हात काठावर ठेवली की पुन्हा फुगते, म्हणून तो जेवण अर्धवट टाकून पुन्हा हवा सोडतो. वायूंचे जे नियम इतरांनी शाळेत पाठ करून विसरून टाकले, ते हा माणूस दिवसभर व्हॉल्व्हशी बसून पाळीत असतो.

टपावरच्या पट्ट्यांचीही एक विद्या आहे. सपाट ताणलेला पट्टा वाऱ्यात थरथरून असा गुणगुणतो की पाच-सहा तासांच्या प्रवासात मोटारीतील संभाषण बंद पडते. त्याच पट्ट्याला बांधतानाच एक पीळ दिला तर आवाज थांबतो. हा पीळ ठाऊक असणे ही या वर्गातील ज्येष्ठत्वाची खूण मानली जाते, आणि ज्येष्ठ लोक पेट्रोल पंपावर अनोळखी माणसाच्या टपावरचे पट्टेही न विचारता पिळून देतात.

पाण्यावरचा भाग त्या मानाने थोडक्यात आटोपतो. हेन्रीज लेकच्या जवळच मोंटानात असलेल्या हेब्गेन तलावावर जुलै-ऑगस्टच्या निवांत सकाळी पृष्ठभागावरचे किडे टिपत फिरणारे मोठे ट्राउट येतात, ज्यांना त्यांच्या गिळण्याच्या आवाजावरून ‘गल्पर’ म्हणतात. मासा कोणत्या रेषेत चालला आहे हे ओळखून त्याच्या वाटेत पुढे माशीचा गळ टाकणे आणि तोवर पायही न हलवणे, हे खरोखर कौशल्याचे काम आहे आणि ते साधलेल्या नाखव्याची थट्टा करणे योग्य होणार नाही. अडचण इतकीच की अशा सकाळी तो किनाऱ्यापासून सर्वांत दूर असतो तेव्हाच पहाटेची कॉफी आपला हिशेब मागते, आणि ट्यूबचा पट्टा, जीवरक्षक जाकीट, वेडर्सचे खांदपट्टे व कमरपट्टा या क्रमाने सोडवण्याची सोय पाण्यावर नसते. त्यातच वारा सुटला तर अर्धा तास पाय झाडूनही काठावरचे तेच पाइनचे झाड त्याच्यासमोर उभे राहते. म्हणून जाणते लोक निघतानाच वाऱ्याच्या विरुद्ध दिशेला जातात, म्हणजे परतताना वारा घरी आणून सोडतो. अजाण लोकांना तो पलीकडच्या काठावर सोडतो.

या अनुभवातून पाँटूनचा जन्म होतो. पाँटून म्हणजे आठ-नऊ फूट लांबीच्या दोन फुगीर नळ्या, ज्यांच्या जाड कापडी खोळीत हवेची वेगळी पिशवी असते, आणि त्यांना जोडणारी धातूची चौकट, तिच्यावर खुर्ची, पायटेकणी व दोन वल्ही. ट्यूबचे वजन दहा-पंधरा पौंड असते तर याचे साठ-सत्तर, म्हणून मागे चाक लावावे लागते. नदीत नाखवा प्रवाहाच्या दिशेला तोंड करून बसतो आणि वल्ही मागे ओढून वेग आवरतो, काठ बदलायचा असेल तर नाव प्रवाहाशी तिरकी धरून ओढतो. ही रीत उत्तम आहे. तळ्यात मात्र वल्ही ओढली की नाव पुन्हा पाठीमागेच जाते, म्हणजे एवढा खर्च करूनही दिशा तीच राहते. शिवाय उंच नळ्यांना वारा अधिक लागतो, म्हणून नांगर येतो. दोन्ही हात वल्ह्यांवर असताना नेमका मासा लागतो, म्हणून गळाच्या काठीसाठी खोबण येते, आणि वल्ह्यांपासून सुटका हवी म्हणून बॅटरीवर चालणारी छोटी मोटर येते. चार आण्यांची कोंबडी आणि बारा आण्यांचा मसाला या हिशेबात आता पन्नासेक पौंडांच्या बॅटरीची भर पडते.

यंत्र बसले की सरकार येते. बहुतेक राज्यांत मोटर लावलेली कोणतीही नाव नोंदवावी लागते आणि नोंदणीचा क्रमांक तिच्या दोन्ही अंगांना दाखवावा लागतो; फुगणाऱ्या-आकसणाऱ्या कापडावर चिकटवलेले आकडे टिकत नाहीत, म्हणून पाट्या करून त्या दोरीने टांगतात. यलोस्टोन उद्यानात तर मोटर नसलेल्या साध्या ट्यूबलाही परवाना लागतो, आणि तो मिळाल्यावरही दोन तळी जोडणाऱ्या एका ठरावीक पाटाचा अपवाद सोडला तर नद्यांत उतरता येत नाही. हा परवाना नाखवा गरजेपेक्षा ठळक जागी लावतो.

चौकट, वल्ही, नांगर, बॅटरी आणि पाट्या दर खेपेस सुट्या करून पुन्हा जोडण्यात सकाळ जाते, असे लक्षात आल्यावर तो पाँटून फुगलेले व जोडलेलेच नेता यावे म्हणून मोटारीमागे जोडायचा ट्रेलर घेतो, ट्रेलरसाठी गॅरेजमधील मोटार बाहेर काढतो, आणि हंगामाच्या अखेरीस, त्या फुगलेल्या पाँटूनला टेकून बसून, पाठीवरच्या पिशवीत मावणाऱ्या आणि जेमतेम सहा-सात पौंड वजनाच्या एका नव्या ट्यूबची जाहिरात लक्षपूर्वक वाचू लागतो.