सोळा चौकटींची जमाबंदी

एडिसन, न्यू जर्सी
मार्चचा पहिला रविवार

तीर्थरूप आबा यांस,

शिरसाष्टांग नमस्कार, विनंती विशेष.

आम्ही सर्व येथे खुशाल असून आपल्याकडील क्षेमकुशल कळवावे. परंतु हे पत्र केवळ खुशालीचे नव्हे. साताऱ्याच्या मोजणी कचेरीत ज्यांनी आपल्या उमेदीची वर्षे शंकू-साखळी, टिपणे आणि पोटहिश्शांचे नकाशे यांत घालविली, त्या आपणांसमोर या घरातील लहानथोर मंडळी आपापसांत निकाल लागत नसल्यामुळे एक दरखास्त गुदरीत आहेत, असे समजूनच आपण हे वाचावे.

परसात भाजीपाल्याची बाग करण्याचे घाटत आहे. तिचे एकंदर क्षेत्र सोळा चौरस फूट. गुंठ्याचे १०८९ चौरस फूट, त्याचे सोळा आणे आणि आण्याचे चार पैसे, हा हिशेब आपणच मला पाटीवर शिकविला होता. त्या हिशेबाने आमची ही जमीन पुरती पैसाभरही होत नाही. असे असूनही तिच्या वाटपावरून स्वयंपाकघरातील टेबलावर रोज रात्री ज्या तकरारी होत आहेत, त्या ऐकल्या असत्या तर आपल्या भावकीतील विहिरीच्या वाट्याचा तंटा आपणांस अगदीच सौम्य वाटला असता.

ही पद्धत मेल बार्थोलोम्यू नामक एका सेवानिवृत्त अमेरिकन स्थापत्य अभियंत्याची. नांगर किंवा यंत्र फिरावे म्हणून शेतात ओळींमध्ये जे अंतर सोडतात, तेच अंतर घरगुती वाफ्यात सोडून माणसे निष्कारण मोकळ्या जमिनीला पाणी घालतात आणि मग तिथलेच तण उपटीत बसतात, हे पाहून त्या गृहस्थाने १९८१ साली एक पुस्तक लिहिले. चार फूट लांब, चार फूट रुंद असा चौकोन घ्यावा, कारण कोणत्याही बाजूने माणसाचा हात दोनच फूट पोचतो आणि वाफ्यात पाय घालावा लागत नाही. त्यावर पट्ट्या ठोकून एकेक फुटाच्या सोळा चौकटी पाडाव्यात. आणि प्रत्येक चौकटीत पिकाच्या अंगलटीप्रमाणे एक, चार, नऊ किंवा सोळा रोपे लावावीत. टोमॅटो, मिरची किंवा कोबी एकेकच, सॅलडची पाने चार, पालक नऊ, मुळे नि गाजरे सोळा. मूळची माती तर हे महाशय वापरूच देत नाहीत. कंपोस्ट, पीट आणि व्हर्मिक्युलाइट हे समभाग घेऊन सहा इंच थर भरावा, अशी त्यांची आज्ञा आहे. अभियंत्याने शेती केली म्हणजे ती अशी होते! तथापि या शिस्तीचा मला मनापासून आदर वाटतो, हेही नमूद करतो.

पहिला खटका उडाला तो दिशेवरून. आपल्याकडे मेच्या मध्यापासून सूर्य माध्यान्ही डोक्यावर, किंबहुना किंचित उत्तरेलाही जातो. येथे तो भर उन्हाळ्यातही दक्षिणेकडेच राहतो, त्यामुळे उंच पिकाची सावली दुपारी उत्तरेस पडते. साहजिकच भेंडी, टोमॅटो आणि मांडवावर चढणारा वेल यांना उत्तरेच्या चार चौकटी द्याव्या लागतात. परंतु नकाशात त्या चार चौकटी आधीच आपल्या सूनबाईंनी मेथी-कोथिंबिरीसाठी अडवून ठेवल्या होत्या, कारण त्या स्वयंपाकघराच्या दारापासून सर्वांत जवळ! शेवटी पूर्वापार वहिवाटीचा दावा त्यांनी मागे घेतला, पण हरकत राखून.

मेथीच्या बाबतीत तर पुस्तकाचा नियमच मोडीत निघाला. चि. ओजसने एका चौकटीत बोटाने भोके पाडून मेथीदाणे मोजून घालण्याचा प्रस्ताव मांडताच आपल्या विहीणबाई (त्या सध्या सहा महिन्यांसाठी आमच्याकडे आहेत) हातातली पोळी तव्यावर तशीच टाकून म्हणाल्या, "मेथी काय कुणी मोजून पेरतं का रे? मूठ भरून विस्कटायची!" पोळी करपली, परंतु ठराव मंजूर झाला. त्यांची दुसरी मागणी अळूची आहे. अळूचे एक पान दोन चौकटी सहज झाकील, ही गोष्ट त्यांच्यासमोर बोलण्याचे धैर्य मला अद्याप झालेले नाही.

याहून बिकट प्रश्न कुळांचा. मुळा चार-पाच आठवड्यांत तयार होऊन चौकट रिकामी करून देतो, मग तीत ओंजळभर कंपोस्ट टाकून दुसरे पीक घ्यावयाचे. कोथिंबिरीस जूनचे ऊन लागले की ती फुलोऱ्यावर येऊन आपण होऊन जमीन सोडते. टोमॅटोचे तसे नाही. थंडी ओसरल्यावर मेच्या मध्यास तो एकदा बसला की शरद ऋतूतील हिम पडेपर्यंत हलत नाही, आणि १९४८ च्या कूळकायद्याने मालकाची जी अवस्था केली तीच हे संरक्षित कूळ आमची करणार. चि. सईला एकटीला टोमॅटोची तीन रोपे हवी आहेत. म्हणजे सोळा आण्यांतले तीन आणे हंगामभर तिच्याच खात्यावर! दुधीचा तर विचारच नको. तो एका चौकटीत पाय ठेवून शेजाऱ्याच्या कुंपणावर हक्क सांगेल.

एवढ्यावर निभावले असते. परंतु परवा चि. ओजस मोजपट्टी घेऊन लाकडाच्या वखारीतून परतला तो एक नवेच प्रकरण घेऊन. ज्या फळीला येथे 'दोन बाय सहा' म्हणतात ती ओले लाकूड वाळवून, रंधून झाल्यावर प्रत्यक्षात दीड बाय साडेपाच इंचच उरते. दुकानदार मात्र नाव जुनेच चालवितो, आणि हा येथील सर्वमान्य रिवाज आहे. आठ फुटी दोन फळ्यांचे चार समान तुकडे करून ते एकाच्या टोकास दुसरा असे जोडले, की आतली बाजू अठ्ठेचाळीस इंचांऐवजी साडेसेहेचाळीस इंच भरते. आतील क्षेत्र पंधरा चौरस फूट. म्हणजे आबा, बांधानेच एक अख्खी चौकट गिळंकृत केली! चि. सईने दहा फुटी फळ्या घेऊन तुकडे थोडे लांब कापावेत, असे सुचविले. परंतु इतका सरळ तोडगा वाटणीच्या कोणत्याही प्रकरणात मान्य झाल्याचे ऐकिवात नाही, शिवाय उरलेल्या लाकडाचा मालक कोण, हा वाद लगेच उपस्थित झाला.

सबब विनंती की, ही एक चौरस फुटाची घट सर्व हिस्सेदारांवर समप्रमाणात बसवावी की उत्तरेकडील कब्जेदारांवर, याचा आपण लेखी निर्णय द्यावा. नकाशाची नक्कल सोबत आहे. त्यावर आक्षेपार्ह खाणाखुणा दिसल्यास त्या माझ्या नव्हेत.

आपल्या भाच्याबरोबर बियांची पुडी मात्र कृपया पाठवू नये. वनस्पती-आरोग्याच्या दाखल्याशिवाय येथील विमानतळावर ती जप्त होते आणि लोणच्याच्या बरणीचीही झडती घेतात.

आईस साष्टांग नमस्कार. कळावे, लोभ असावा ही विनंती.

आपला आज्ञाधारक,
बाळ

ता. क. : हे पत्र पाकिटात घालीत असता असे आढळले की नकाशाच्या आग्नेय कोपऱ्यात पेन्सिलीने कोणीतरी 'अळू' लिहिले असून त्याखाली विहीणबाईंची सही आहे. मूळ प्रतीत ही नोंद नव्हती. फेरफार मंजूर करण्यापूर्वी कृपया चौकशी व्हावी.