फोटोची पाठ

ज्या घरात संगणक आहे, त्या घरातल्या संगणकात ‘नवीन फोटो’ नावाचं एक फोल्डर असतंच, आणि ते निदान दहा वर्षांचं जुनं असतं. त्याच्या पोटात ‘नवीन फोटो २’, त्याच्या पोटात ‘दादाच्या मोबाइलमधले’, त्याच्या पोटात ‘सगळे’, आणि ‘सगळे’मध्ये न मावलेले ‘इतर’मध्ये. एका निवृत्त मुख्याध्यापकांकडे मी ‘आवरलेलं’ नावाचं फोल्डर पाहिलं आहे. त्याच्या आत आणखी एक ‘आवरलेलं’ होतं आणि त्याच्या आत आणखी एक. शाळा मात्र त्यांनी उत्तम चालवली होती.

या पसाऱ्यावर इलाज करू म्हणणारी सॉफ्टवेअर पुष्कळ आहेत, आणि ती आजची नाहीत. एसीडीसी १९९४ सालचं. इरफानव्ह्यू १९९६ सालचं. बोस्नियातल्या यायत्से गावी जन्मलेल्या आणि व्हिएन्नात शिकलेल्या इरफान श्किल्यान या एकट्या माणसाने ते लिहिलं, घरगुती वापराला फुकट ठेवलं, आणि त्याचं चिन्ह म्हणून गाडीखाली येऊन चपटं झालेलं लाल मांजर निवडलं. हे मांजर आमच्या गल्लीतल्या पासपोर्ट फोटोवाल्याच्या संगणकावर मी कैक वर्षं बघत होते आणि तो छपाईचा डाग असावा असं धरून चालले होते.

घरात शिरकाव केला तो मात्र पिकासाने. २००४ साली गूगलने ते विकत घेतलं आणि फुकट वाटायला सुरुवात केली. मग संगणक जुळवून देणारा मुलगा विंडोज, अँटिव्हायरस आणि मराठी टायपिंग यांच्या जोडीला तेही घालून जाऊ लागला. पिकासा पहिल्यांदा सुरू केलं की विचारायचं, सगळा संगणक धुंडाळू का? आपण मोठ्या मनाने ‘हो’ म्हणायचं आणि चहा टाकायला जायचं. परत येईपर्यंत घराची झडती पूर्ण झालेली असायची. कुठल्या कोपऱ्यात काय दडलंय ते सगळं ओळीने मांडलेलं.

अशी झडती झाली की कळतं, घरात फोटो म्हणून जे काही साठलंय त्यात माणसं फारशी नाहीतच. सातबाऱ्याचा उतारा आहे, तोही तिरका. गॅसच्या पुस्तकाचं पहिलं पान आहे. विजेच्या मीटरचा आकडा आहे. डॉक्टरांची चिठ्ठी, स्वेटरचा नमुना, शेजारणीच्या ब्लाउजचा मागचा गळा. आणि गुलाब. दवबिंदू पडलेला गुलाब, कपाशेजारचा गुलाब, सूर्योदयासमोरचा गुलाब, प्रत्येकावर ‘शुभ सकाळ’. हे गुलाब एका फटक्यात काढता येतात असं मला भाच्याने सांगितलं. खऱ्या फोटोत कॅमेऱ्याचं नाव नोंदलेलं असतं, गुलाबात नसतं, तेव्हा ज्यांत कॅमेऱ्याचं नाव नाही ते निवड आणि उडव. युक्ती झकास आहे. पण व्हॉट्सअॅप फोटो पाठवताना ही नोंद पुसून टाकतं, त्यामुळे गुलाबांच्या रांगेत नागपूरच्या पुतण्याचं अख्खं लग्नही उभं असतं. उडवायचं बटण दाबण्याआधी एकेक गुलाब बघावाच लागतो.

त्या नोंदीचंही एक शास्त्र आहे. कॅमेरा प्रत्येक फोटोबरोबर फाईलच्या पोटात तारीख, वेळ, स्वतःचं नाव, प्रकाश किती घेतला वगैरे लिहून ठेवतो. या पद्धतीला एक्झिफ म्हणतात. जपानमधल्या उद्योगसंघटनेने १९९५ साली ती ठरवली. सगळी सॉफ्टवेअर तिच्यावर डोळे मिटून विश्वास ठेवतात, आणि इथेच जपानी काटेकोरपणाची आपल्या घराशी गाठ पडते. जुन्या कॅमेऱ्याची बॅटरी पार उतरली की त्याचं घड्याळ मूळपदावर जाई. आपण नवे सेल घालत असू, तारीख लावायला कोण बसतो! त्यामुळे आमच्या घराण्याच्या इतिहासात भाच्याची मुंज, थोरल्या जाऊबाईंची साठी आणि गणपतीपुळ्याची सहल ही तिन्ही कार्यं १ जानेवारी २००० रोजी, मध्यरात्र उलटल्यावर, एकाच वेळी पार पडलेली आहेत. आजेसासऱ्यांचं लग्न २०११ साली झालं, कारण त्या वर्षी तो फोटो स्कॅन केला. तारखेप्रमाणे लावले की आजेसासरे नातवाच्या लग्नानंतर बोहल्यावर चढतात, आणि चेहऱ्यावरून तरी त्यांना त्यात काही वावगं वाटलेलं दिसत नाही.

फोटोंच्या नावांचीही तीच गत. कॅमेऱ्यांनी फाईलला नाव कसं द्यावं याचा नियम १९९८ साली ठरला: पुढे चार अक्षरं, मागे चार आकडे. म्हणजे ९९९९ झाले की पुन्हा ०००१. नियम ठरवणाऱ्यांनी मराठी लग्न पाहिलेलं नसावं. आमच्याकडे एकाच नावाचे दोन फोटो आहेत, एकात जेजुरीचा भंडारा उधळतोय आणि दुसऱ्यात फ्रिजच्या मागच्या बाजूचा नंबर आहे. एका फोल्डरमध्ये टाकायला गेलं की संगणक नम्रपणे विचारतो, जुना काढून नवा ठेवू का? घाईत ‘हो’ म्हणणाऱ्याच्या पदरी फ्रिज.

पण तारखा आणि नावं ही बाहेरची शिस्त झाली. गंमत सुरू होते ती सॉफ्टवेअर चेहरे ओळखायला बसलं की. पिकासात ही सोय २००९ साली आली, आता बहुतेकांत आहे. यंत्र काही आपल्यासारखं ‘अगदी आजीवर गेलाय’ म्हणत नाही. डोळे, नाक, जिवणी, हनुवटी यांचे आकडे मांडतं आणि दोन चेहऱ्यांच्या आकड्यांमधलं अंतर मोजतं. अंतर थोडं, तर माणूस एक. मग ते एकेक चेहरा कापून पुढे ठेवतं आणि विचारतं, ही व्यक्ती कोण? भिंतीवरचे हार घातलेले आजोबा, दिनदर्शिकेवरची अभिनेत्री, मागे चालू असलेल्या टीव्हीतल्या बातम्या देणाऱ्या बाई, सगळ्यांबद्दल त्याला सारखीच आस्था. जावळ काढलेली तान्ही मुलं त्याच्या लेखी एकच. आमच्या तीन पिढ्यांची बाळं त्याने एका नावाखाली घातली. लग्नाच्या फोटोंत तर त्याची वाचाच बसते. मुंडावळ्यांनी चेहरा झाकलेला, हळदीने सगळे पिवळे, मंगलाष्टकांना मध्ये अंतरपाट. नवरा-नवरी अनोळखी, आणि सनईवाला मात्र दरवेळी बरोबर ओळखलेला.

आमच्यात दोन चुलतभाऊ आहेत. जमिनीच्या वाटणीवरून त्यांचं बोलणं बंद आहे. एकाच्या दारातल्या मांडवात दुसरा पाऊल टाकत नाही. सॉफ्टवेअरने दोघांना एक माणूस ठरवलं. मी वेगळे केले. त्याने पुन्हा विचारलं, हाही तोच ना? मी ‘नाही’वर बोट ठेवलं. नवे फोटो घातल्यावर पुन्हा तेच. तलाठी, तंटामुक्ती समिती आणि दिवाणी न्यायालय यांना जे जमलं नाही ते ऐक्य हे यंत्र चिकाटीने घडवू पाहत होतं. निरखून पाहिल्यावर मला वाटायला लागलं की चूक त्याची नसावी. तेच नाक, तोच हट्टी जबडा, रागावल्यावर तीच डावी भुवई वर.

सारखे फोटो शोधून काढण्याची सोयही असते. तिच्याबद्दल फार बोलण्यात अर्थ नाही. यंत्र म्हणतं, हे सहा फोटो एकच आहेत, पाच काढा. ते एक नाहीत. प्रत्येकात वेगळ्या माणसाचे डोळे मिटलेले आहेत, आणि कुणाचे डोळे मिटलेला फोटो ठेवायचा हा सबंध घराच्या राजकारणाचा प्रश्न आहे. फोटोंना एक ते पाच चांदण्या देण्याची सोयही त्याच कारणासाठी मी हात न लावता ठेवली आहे. नणंदेला तीन आणि जावेला चार चांदण्या देऊन या घरात राहायचं कसं?

आमच्याकडे काळ्या कागदाचे अल्बम होते, मधे बटर पेपर, चारी कोपऱ्यांना चिकटवलेले त्रिकोण. ते तारखेने लावलेले नव्हते, नात्याने लावलेले होते. आधी वाडवडील, मग थोरली पाती, मग धाकटी; जावई शेवटी, पण मोठ्या आकारात. आणि फोटो त्रिकोणांतून अलगद सोडवून उलटा केला की मागे शाईने लिहिलेलं असे: कोण, कुठे, कशानिमित्त. कधी शके, कधी सन, कधी नुसतं ‘पाऊस फार’. फोटोला पाठ होती. हे अल्बम स्कॅन करायला दिले तेव्हा दुकानदाराने प्रामाणिकपणे सगळे फोटो स्कॅन केले, पुढच्या बाजूने. स्कॅन म्हणजे पुढची बाजू हे त्याच्या दृष्टीने उघडच होतं.

फाईललाही पाठ असते, हे मला उशिराच कळलं. वृत्तसंस्थांना आणि वर्तमानपत्रांना फोटोबरोबर ‘कोण, कुठे, कधी’ पाठवायची गरज होती, म्हणून फाईलच्या आतच तसे कप्पे ठरवले गेले. पुढे २००१ साली अडोबी कंपनीने एक्सएमपी नावाची पद्धत आणली. ती युनिकोडवर चालते, त्यामुळे कप्प्यात देवनागरी लिहिलं तरी त्याची प्रश्नचिन्हं होत नाहीत. म्हणजे सोय आहे. लिहायचं काय, एवढंच यंत्राला ठाऊक नसतं, आणि बऱ्याचदा आपल्यालाही नसतं.

म्हणून मी आत्यांना बसवलं. या माझ्या आतेसासूबाई, ऐंशी कधीच ओलांडलेल्या. मोतीबिंदूची दोन्ही ऑपरेशनं झालेली, त्यामुळे घरात सगळ्यांत स्वच्छ त्यांनाच दिसतं. सॉफ्टवेअरने चेहरा कापून पुढे ठेवला आणि आत्या म्हणाल्या, “अगं, नुसतं मुंडकं काय दाखवतेस? खाली घे.” पूर्ण फोटो दाखवला. “ही इरकल माझी.”

“आत्या, साडी नव्हे, ती बाई कोण?”

“साडी माझी म्हणजे बाई घरातली. परक्या बाईला कशाला देईन मी इरकल? थांब. हां, ही सांगलीची वन्संची सून. हिच्या डोहाळजेवणाला दिली होती नेसायला. परत आली ती पदराला डाग पडून.”

मग माझ्या लक्षात आलं की आत्यांची शोधपद्धत यंत्राच्या बरोबर उलट आहे. यंत्र चेहऱ्यावरून माणूस काढतं. आत्या साडीवरून कार्य काढतात, कार्यावरून वर्ष, वर्षावरून कोण गरोदर होतं आणि कोण रुसलं होतं, आणि शेवटी चेहऱ्याकडे वळतात, तेही खात्री करायला. घड्याळ बिघडलेल्या कॅमेऱ्याने २०००च्या पहिल्या रात्रीत कोंबलेल्या सगळ्या कार्यांना त्यांनी आपापली वर्षं परत दिली, आणि स्कॅन केलेल्या जुन्या फोटोंनाही. “ही मुंज किल्लारीच्या भूकंपानंतरची, पाहुणे कमी आलेत बघ.” हा फोटो कागदावरचा, स्कॅन केलेला होता, भूकंप ३० सप्टेंबर १९९३चा, म्हणजे मुंज १९९४च्या उन्हाळ्यातली. सॉफ्टवेअरमध्ये तारीख बदलायची सोय असते. ती मी भराभर वापरली.

यंत्राने एक अनोळखी गृहस्थ वेगळे काढून ठेवले होते. जवळजवळ प्रत्येक कार्यात, मागच्या रांगेत, कडेला. एवढ्या वेळा दिसणारा माणूस जवळचा नातलगच असणार असं आम्हा सगळ्यांना वाटत होतं, आणि नाव न आठवल्याचा थोडा संकोचही. आत्यांनी पाहिलं आणि म्हणाल्या, “हा मांडववाला. पैसे मिळेपर्यंत हलत नसे.” त्यांना त्याचं नाव, त्याच्या बायकोचं नाव आणि किती कार्यांचे पैसे थकले होते तेही ठाऊक होतं. पहिली दोन मी लिहून घेतली.

आणि साड्यांसाठी वेगळी खूण केली. आता ‘आत्यांची इरकल’ असं शोधलं की वेगवेगळ्या लग्नांतल्या, वेगवेगळ्या वयांच्या बायका एका ओळीत येतात. चेहऱ्यांवरून जोडायचं म्हटलं असतं तर कुठल्याच यंत्राने त्या एकत्र आणल्या नसत्या.

हे सगळं लिहिलेलं राहतं कुठे, हा प्रश्न रुक्ष वाटतो. तो सोडू नये. सॉफ्टवेअर दोन ठिकाणी लिहू शकतं: स्वतःच्या वहीत, किंवा फोटोच्या फाईलमध्ये. स्वतःच्या वहीत लिहिलं तर ते सॉफ्टवेअर आहे तोवर नावं आहेत. पिकासाचं काम गूगलने १५ मार्च २०१६ पासून थांबवलं. नावं फोटोतच लिहून ठेवण्याची सोय पिकासाच्या शेवटच्या आवृत्त्यांत होती. ज्यांनी ती वापरली त्यांची नावं दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्येही वाचता येतात. बाकीच्यांचे चेहरे पुन्हा अनोळखी झाले. मी सध्या डिजिकॅम वापरते. स्वयंसेवकांनी चालवलेलं, फुकट, २००१ सालापासून सुरू असलेलं. दिसायला पिकासाइतकं गोड नाही. सेटिंगची पानं पाहून घेरी येते. पण नावं फोटोत लिही म्हटलं की लिहितं, आणि कुठल्याही कंपनीच्या मर्जीवर ती अवलंबून राहत नाहीत.

तेव्हा येत्या दिवाळीत वडीलधारी मंडळी फराळाला आली की टीव्ही बंद ठेवा आणि संगणक चालू ठेवा. ‘नावं फाईलमध्ये लिही’ या ओळीपुढे खूण केली आहे ना, ते आधी पाहा. डिस्कची एक प्रत दुसऱ्या घरी ठेवा. चेहरा कापून दाखवू नका, अख्खा फोटो दाखवा, आणि ती मंडळी सांगतील ते सगळं लिहून घ्या, साडीसकट.