दाजी, डेम्पस्टर आणि चारशे किलो

कॅनडातल्या डेम्पस्टर हायवेचा फाटा सोडला की पुढचा पेट्रोल पंप ३६९ किलोमीटरवर. मधे काही नाही. म्हणजे चहाची टपरी नाही, पंक्चरवाला नाही, मोबाईलला रेंज नाही आणि ‘पुढं रस्ता कसा आहे हो?’ असं विचारावं तर पारावर बसलेलं माणूसही नाही. हे सगळं मी दाजींना कॅलगरीतच नीट समजावून सांगितलं होतं. शांतपणे ऐकून घेऊन ते म्हणाले, “मग पेट्रोल भरून घ्या की.”

दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे, आक्काचे यजमान. पाटणचे. अर्धी हयात कोयनेच्या वीजघरात गेली, उरलेली राजदूतवर. निवृत्तीनंतर आमच्याकडे राहायला आले आणि दुसऱ्याच दिवशी गॅरेजमधल्या माझ्या मोटारसायकलीपुढे कमरेवर हात ठेवून उभे राहिले. होंडा गोल्डविंग. जुनी, पण ऐट गेलेली नाही. १८३२ सीसी, सहा सिलिंडर, वजन चारशे किलोच्या वर, मागच्याला टेकायला पाठ, बुडाखाली गरम होणारी सीट, स्पीकर आणि चक्क रिव्हर्स गिअर. दाजींनी गाडीला एक प्रदक्षिणा घातली आणि विचारलं, “मोरी कुठाय?”

अशी गाडी गुळगुळीत डांबरासाठी असते. डेम्पस्टरवर लोक उंच, सडपातळ, खाचाखाचांच्या टायरांच्या गाड्या आणतात. डॉसन सिटीच्या पंपावर असे चारपाच जण भेटले. त्यांनी आधी गोल्डविंगकडे पाहिलं, मग मागच्या सीटवर मफलर गुंडाळून बसलेल्या दाजींकडे पाहिलं आणि मग एकमेकांकडे पाहिलं. कोणी काही बोललं नाही. कॅनडातली माणसं फार सभ्य.

डॉसन हे युकॉनमधलं सोन्याचं गाव. १८९६ साली इथल्या ओढ्यात सोनं सापडलं आणि अर्धं जग कुदळ घेऊन धावलं. आता सोन्यापेक्षा एका बोटाची ख्याती जास्त. तिथल्या एका हॉटेलात व्हिस्कीच्या ग्लासात माणसाच्या पायाचं खरंखुरं, सुकवलेलं बोट घालून देतात. १९७३ पासूनची प्रथा. पिताना ओठ बोटाला लागले पाहिजेत आणि गिळलं तर दंड. २०१३ मध्ये एका पठ्ठ्याने ते मुद्दाम गिळून ५०० डॉलर मोजले. तेव्हापासून दंड २५०० झाला. दाजींना आग्रह झाला. त्यांनी शर्टाचं वरचं बटण उघडून तुळशीची माळ दाखवली आणि सुटले. पंढरपूरला चालत न जाणाऱ्या माणसाच्या कामी माळ इतकी आलेली मी पहिल्यांदा पाहिली.

डॉसनपासून चाळीसेक किलोमीटरवर फाटा फुटतो आणि रस्ता उत्तरेला निघतो तो आर्क्टिक वृत्त ओलांडून इनुविकपर्यंत, साधारण ७४० किलोमीटर. सुरुवातीला थोडं डांबर आहे, ते बहुधा माणसाने माघारी फिरावं की नाही याचा विचार करावा म्हणून. मग खडी. आमच्या दोघांच्या हेल्मेटमध्ये इंटरकॉम होता. तो मी हौसेने घेतलेला. दाजींचा आवाज मेंदूत थेट उमटतो, हे तेव्हा लक्षात आलं नव्हतं.

“ह्यास्नी डांबर परवडत न्हाई का हो पाव्हणं? एवढा श्रीमंत देश.”

परवडतं. पण इथे रस्ता माणसांच्या सोयीने बांधलेलाच नाही. खालची जमीन बारमाही गोठलेली आहे. वर हातभर शेवाळ आणि झुडपं, त्याखाली बर्फाने सांधलेली माती, ती किती खोल गेली आहे ते तिचं तिला ठाऊक. वरचं शेवाळ खरवडलं की ऊन आत शिरतं, बर्फ वितळतो आणि रस्ता खाली बसतो. म्हणून झाडोरा न हलवता त्याच्यावरच चार ते आठ फूट जाडीचा खडीचा थर अंथरलाय, खालचा गारवा खालीच राहावा यासाठी. डांबर घातलं तरी दर हिवाळ्यात जमीन फुगून ते फुटणार. घरात तान्हं बाळ झोपलं की मोठी माणसं चवड्यांवर चालतात ना, तसा हा रस्ता साडेसातशे किलोमीटर चवड्यांवर चाललाय. १९५९ मध्ये काम सुरू झालं, मधे बरीच वर्षं रखडलं आणि १९७९ मध्ये रस्ता खुला झाला.

“वीस वर्सं!” इंटरकॉममध्ये समाधानाचा सुस्कारा. “आमचं धरण ह्याच्या निम्म्या टायमात झालं.”

टूमस्टोन पर्वतांच्या पायथ्याला एक माहिती केंद्र आहे. तिथे आल्यागेल्याला रानातल्या पानांचा चहा देतात. दाजींनी तीन कप घेतले आणि प्रत्येक कपानंतर आल्याची उणीव बोलून दाखवली. तिथल्या रेंजरबाईंनी अस्वलांबद्दल सांगितलं. वास येणारी कुठलीही वस्तू तंबूत ठेवायची नाही, लोखंडी पेटीत ठेवायची. शिवाय अंगावर आलंच तर फवारायला एक स्प्रेचा डबा जवळ हवा. दाजींनी डब्यावरचं बारीक अक्षर चष्मा कपाळावर चढवून वाचलं. त्यात मिरचीचा तिखटपणा असतो, दुसरं काही नाही. मग त्यांनी पिशवीतून आक्काने दिलेली कांदा-लसूण मसाल्याची बरणी काढली आणि झाकण उघडून बाईंच्या नाकाखाली धरली. बाई दोन पावलं मागे सरकल्या. बरणी आमच्या डोळ्यांदेखत लोखंडी पेटीत गेली. अस्वलाच्या रक्षणासाठी, असं दाजींचं मत.

पुढे ओगिल्वी डोंगर लागतात. उघडेबोडके, राखाडी. लोखंडाने लालसर झालेला एक ओढा लागतो, त्याला गंधकाचा वास. डेम्पस्टरचं सौंदर्य मोटारीतून जाणाऱ्यांनी वर्णावं. मला समोरची पंचवीस फूट खडी तेवढी पाठ आहे.

खडीचं असं आहे, की मोटारींच्या चाकांनी दाबून तयार झालेल्या दोन टणक पट्ट्या असतात, त्यांवर गाडी छान जाते. मोठा ट्रक समोरून आला तर एवढंच करायचं की कडेला घेऊन वेग उतरवायचा आणि डोकं खाली घालायचं, कारण इनुविकचा भाजीपाला घेऊन निघालेला ट्रक दगडही सोबत वाटत जातो. खरं संकट म्हणजे ग्रेडर. हे पिवळं यंत्र रस्ता सारखा करत फिरतं. म्हणजे आधी त्या दोन टणक पट्ट्या खरवडून टाकतं आणि सगळी सुटी खडी मधोमध वरंबा घालून ठेवतं. हा वरंबा ओलांडताना पुढचं चाक स्वतःचं मत मांडू लागतं. अशा वेळी ब्रेक दाबायचा नाही, हँडल आवळायचं नाही, गॅस सोडायचा नाही, नजर लांब ठेवायची आणि गाडीला तिचं नाचून घेऊ द्यायचं. थोडक्यात, जे जे करावंसं वाटेल ते करायचं नाही.

“गाडी नाचायली का वो?”

“नाचू द्या दाजी. हलू नका.”

“मी कुटं हलतोय? गाडी हलतीय. ब्रेक मारा!”

“ब्रेक मारायचा नसतो.”

“मग ठेवलाय कशाला?”

दीडशेएक किलोमीटर हा संवाद चालला. शेवटी मी स्पीकरवर भीमसेनजींचे अभंग लावले. दाजी तत्काळ शांत झाले आणि ताल धरू लागले, माझ्या पाठीवर. उजवीकडे-डावीकडे माणसाचा मागमूस नसलेला टुंड्रा आणि त्यातून बुवांची तान निघालेली. एका ठिकाणी पाटी आली, की पुढचा रस्ता विमानाची धावपट्टी म्हणूनही वापरतात, विमानाकडे लक्ष ठेवा. दाजींनी इमानाने मान वर केली आणि पाच किलोमीटर तशीच ठेवली.

ईगल प्लेन्स आलं तेव्हा टाकीत तोंड धुण्यापुरतं पेट्रोल होतं. एक हॉटेल, एक पंप, एक टायरचं दुकान, झालं गाव. इथे वरच पक्का खडक लागतो, म्हणून नेमकी ही जागा निवडली; बाकी सगळीकडे इमारत गोठलेल्या जमिनीत खांब रोवून त्यावर उभी करावी लागते. टायरवाल्याला तोटा नाही. या रस्त्यावरचे पाटीच्या दगडाचे तुकडे सुरीइतके धारदार असतात.

हॉटेलच्या भिंतींवर जुने फोटो आहेत. १९१० च्या डिसेंबरात फिट्झगेराल्ड नावाचा पोलिस इन्स्पेक्टर तीन जणांसह कुत्र्यांच्या गाड्या घेऊन फोर्ट मॅक्फर्सनहून डॉसनला निघाला. बरोबर ग्विचिन जमातीचा एक माहीतगार वाटाड्या होता, त्याला मधूनच पैसे देऊन परत पाठवलं. पुढे वाट चुकली, शिधा संपला, कुत्री खाल्ली आणि चौघेही गेले. १९११ च्या मार्चमध्ये त्यांचे मृतदेह शोधून काढणारा शिपाईगडी म्हणजे जॅक डेम्पस्टर. रस्त्याला नाव त्याचं. दाजी फोटोसमोर बराच वेळ उभे राहिले. “वाटाड्याला घालवला. आन् कशासाठी, तर लवकर पोचायला,” असं म्हणून त्यांनी माझ्याकडे पाहिलं. आम्ही वाटाड्या घेतला नव्हता, पण घेतला असता तर मी त्याला परत पाठवला असता, असं काहीतरी त्या नजरेत होतं.

रात्री तंबू. रात्र म्हणजे घड्याळातली. सूर्य कुठेच जात नव्हता. डास मात्र रात्र असल्यासारखे आले. इथला डास कानाशी गुणगुणण्यात वेळ घालवत नाही. शेजारच्या तंबूतली जर्मन जोडी तोंडावर जाळी बांधून सूप पीत होती, म्हणजे जाळी वर करायची, घोट घ्यायचा, त्याबरोबर पाच डास घ्यायचे, जाळी खाली. दाजींनी सामानातून पाटणच्या बाजारात घेतलेली डास मारायची विजेची रॅकेट काढली. ती या प्रवासात आहे हे मलाही माहीत नव्हतं. अर्ध्या तासात तड्तड् आवाजाने सगळं मैदान जागं झालं. लोक येऊन बघू लागले. जर्मन माणसाने विकत मागितली. वीजघरातल्या माणसाने वीज अशी विकायची नसते, म्हणून दाजींनी ती फक्त पाच मिनिटं वापरायला दिली आणि शेजारी उभं राहून मनगट कसं वळवायचं ते मराठीतून शिकवलं.

दुसऱ्या दिवशी आर्क्टिक वृत्ताची पाटी आली, फोटो झाला, आणि नॉर्थवेस्ट टेरिटरीजच्या हद्दीत घड्याळ तासभर पुढे सरकलं. सूर्य एकाच जागी असताना घड्याळ कशाच्या आधारावर पुढे करतात, याचा खुलासा दाजींनी मागितला. मी द्यायला तोंड उघडणार तोच पाऊस आला.

धूळ बसावी म्हणून या रस्त्यावर कॅल्शियम क्लोराइड टाकतात. ते हवेतला ओलावा ओढून घेतं आणि कोरड्या दिवसांत रस्ता आवळून धरतं. पावसात त्याचाच लोण्यासारखा निसरडा गाळ होतो. वाळलं की सिमेंट. आम्ही पायांनी वल्हवत पील नदीपर्यंत पोचलो. तिथे पूल नाही. उन्हाळ्यात तारेवर चालणारी, फुकट नेणारी फेरी. हिवाळ्यात नदीच गोठून रस्ता. नदी चढ-उतार करते, त्यामुळे धक्का कसला, बुलडोझरने रोज ढकलून केलेला मातीचा उतार. उतरताना जमलं. पलीकडे चढताना चारशे किलो आणि आम्ही दोघे जागच्या जागी रुतलो.

“रिव्हर्स टाका!” दाजी ओरडले. मागे नदी होती. मी त्यांना ते दाखवलं. मग ते उतरून मागून ढकलायला लागले, मी पहिल्या गिअरमध्ये गॅस दिला, मागचं चाक जोरात फिरलं आणि पील नदीचा निम्मा काठ दाजींच्या अंगावर गेला. फेरीवरचे दोन खलाशी आणि एक ट्रकवाला धावून आले. गाडी निघाली. दाजी कुठे उभे आहेत ते फक्त दातांवरून कळत होतं.

इनुविकच्या अलीकडे डांबर परत येतं. इग्लूच्या आकाराचं चर्च आहे, २०१० मध्ये विनिपेगहून ट्रक आणि बार्जवरून आणलेली मशीद आहे, आणि पाण्याचे नळ जमिनीवरून, पेट्यांतून घरोघर गेलेत, कारण खाली पुरले तर गोठतील किंवा जमिनीला उठवतील. तिथून २०१७ मध्ये खुल्या झालेल्या रस्त्याने आर्क्टिक महासागराच्या काठी तुक्तोयाक्तुकलाही गेलो. दाजींनी “हर हर गंगे” म्हणून डोक्यावर पाणी घेतलं आणि चव बघून तक्रार केली, की समुद्र म्हणावा तसा खारट नाही. बरोबरच होतं, मॅकेंझी नदी आपलं सगळं गोडं पाणी तिथेच आणून ओतते.

परत इनुविकला आल्यावर मी गाडी धुवायच्या फवाऱ्यापाशी नेली. रेडिएटरवर, सायलेन्सरवर, नंबर प्लेटवर चिखलाचं कवच चढलेलं. दाजींच्या जाकिटावरही तेच. ते धुवायच्या आधी त्यांनी फोटो काढायला लावला. एक पाय गाडीवर, हातात रॅकेट. फोटो घरच्या ग्रुपवर गेला. पाटणला तेव्हा सकाळ होती. आक्काचं उत्तर लगेच आलं :

“एवढा चिखलच तुडवायचा होता तर इथं भाताची लावण चाललीय. माणसं मिळंनात. कधी येताय?”