हातचे की यंत्राचे?

लग्नाच्या पंगतीत, आगगाडीच्या डब्यात, फार काय आजाऱ्याच्या उशाशी बसूनही ज्यांच्या जिभेवर एखादा आकडा सदैव तयार असतो, आणि तो ऐकून घेतल्यावाचून समोरच्याची सुटका होत नाही, अशा सद्गृहस्थांची ओळख वाचकांना करून देण्याचे प्रयोजन नाही. प्रत्येक घराच्या पत्रिकेत असा एक ग्रह असतोच. आमच्या घरचा ग्रह म्हणजे थोरल्या आक्काचे यजमान, आमचे दाजी. पन्नासाहून अधिक वर्षांपूर्वी ते सांगली सोडून टेक्सासमधील डॅलस मुक्कामी स्थायिक झाले, तेव्हा आता त्यांची दृष्टी आपल्यावर पडत नाही असा आमचा समज होता. परंतु मध्यंतरी आक्काच्या आग्रहाखातर मी तीन महिने त्यांच्या घरी राहिलो आणि त्या समजाची पुरती वासलात लागली.

दाजींचा विषय एकच : अमेरिकन फुटबॉलमधले वेगवान धावपटू. ज्या खेळात चेंडूला पाय क्वचितच लागतो त्याला फुटबॉल का म्हणावे, ही माझी रास्त शंका त्यांनी पहिल्याच दिवशी तहकूब ठेवली. विमानतळावर मी सहज बोलून गेलो की विमान पावणेदोन तास उशिरा आले; त्यावर माझी पिशवी हातात घेता घेता त्यांनी विचारले, "पाहुणे, हे हातचे की यंत्राचे?"

या प्रश्नाचे मर्म मला पुढील तीन महिन्यांत, इच्छा नसताना, पूर्णपणे अवगत झाले. शर्यत सुटताना पंचाला इशारा उमगून त्याचे बोट घड्याळावर दाबले जाईपर्यंत जो क्षणार्ध जातो, तो धावणाऱ्याच्या पदरात फुकटचा पडतो. म्हणून हातच्या वेळेत चोवीस शतांश सेकंद मिळवल्यावाचून ती यंत्राच्या पंक्तीला बसत नाही. बो जॅक्सन नामक वीराने १९८६ साली चाळीस यार्ड ४.१२ सेकंदांत कापले, ही कथा तिकडे पुराणासारखी सांगतात. दाजींच्या दप्तरी ती 'हातची' म्हणून कायमची खारीज आहे. आक्का म्हणाली की भाताला तीन शिट्ट्या पुरतात, तर दाजी म्हणणार, "शिट्टी यंत्राची खरी, पण मोजणारी तू, म्हणजे हातचेच!" पूजेला आलेल्या गुरुजींनी मुहूर्त दहा वाजून बारा मिनिटांचा मुक्रर केला, तेव्हा त्यांनाही हा प्रश्न चुकला नाही. गुरुजींनी शांतपणे 'पंचांगाचे' असे उत्तर दिले. दाजींना निरुत्तर झालेले मी पाहिले ते तेवढ्या एकाच वेळी.

इंडियानापोलिस येथे दरसाल होतकरू खेळाडूंची जी परीक्षा भरते, तीत चाळीस यार्डांची, म्हणजे ३६.५८ मीटरांची, धाव मोजतात. २०१७ साली जॉन रॉसने ती ४.२२ सेकंदांत पुरी केली. २०२४ मध्ये झेवियर वर्दीने ४.२१ चा नवा उच्चांक केला, आणि त्याची वर्दी दाजींनी सांगलीत मला मध्यरात्री फोन करून दिली. परंतु तेथील घड्याळ सुरू करतो माणूस आणि थांबवतो यंत्राचा किरण! "हा काळ अर्धनारीनटेश्वर आहे," असे दाजींनी डॅलसच्या गणेशोत्सवात, आरतीला हात जोडून उभ्या असलेल्या एका सर्वस्वी अपरिचित गृहस्थांना समजावून सांगितले. ते गृहस्थ पुढच्या आरतीला मंडपाच्या दुसऱ्या टोकाला दिसले.

वेग असला म्हणजे चेंडू झेलता येतोच असे नाही, हाही त्यांच्या प्रवचनांचा एक आवडता अध्याय. जिम हाइन्सने १९६८ साली मेक्सिकोत शंभर मीटर ९.९५ सेकंदांत (यंत्राचे!) कापले, आणि तो विक्रम १९८३ पर्यंत अबाधित राहिला, पण मायामीच्या संघात दाखल झाल्यावर त्याच्या हातांतून चेंडू असे निसटत की त्याचे नावच 'ऊप्स' पडले. दाजी त्याचे भाषांतर 'अरेच्चा' असे करतात आणि दर वेळी नव्याने हसतात. उलटपक्षी, फुटबॉलच्या मैदानात धावत्या प्रतिस्पर्ध्याला गाठून नाव कमावलेला डीके मेटकाफ २०२१ साली खऱ्याखुऱ्या धावपटूंच्या ओळीत उभा राहिला, तेव्हा १०.३७ सेकंदांची झकास धाव घेऊनही आपल्या फेरीत शेवटचा आला.

बॉब हेझचे नाव निघाले की मात्र दाजी बसले असतील तेथे जरा ताठ होतात. १९६४ च्या टोकियो ऑलिम्पिकमध्ये, उसना डावा बूट घालून, त्याने शंभर मीटरचे सुवर्णपदक मिळवले. नोंद झाली ती १०.०, यंत्राच्या हिशेबाने १०.०६. पुढे तो डॅलस काउबॉइज या फुटबॉल संघाकडे आला, आणि एका माणसाने त्याच्या मागे धावणे निष्फळ ठरू लागल्याने मैदानाचे तुकडे वाटून घेऊन पहारा ठेवण्याची पद्धत प्रतिपक्षांत फोफावली, असे मानतात. निवृत्तीनंतर त्याला तुरुंगवास घडला. २००२ साली तो वारला. आणि कॅन्टन येथील फुटबॉलच्या सन्मानमंदिरात त्याला जागा मिळाली ती २००९ मध्ये. "एवढा वेळ," दाजी म्हणाले, "हा मात्र हातचाच." त्या दिवशी त्यांनी विषय आपण होऊन आटोपता घेतला, ही गोष्ट मी आक्काच्या कानावर घातली.

ती लसूण सोलत होती. मान वर न करता तिने सांगितले की ती दोघे डॅलसला उतरली १९७२ च्या जानेवारीत. त्याच महिन्याच्या १६ तारखेला न्यू ऑर्लिन्स येथे काउबॉइजनी मायामीला २४–३ असे हरवून सुपर बोल जिंकला, आणि शहरभर दुसरा विषय नव्हता. कचेरीत दाजींचे नाव कुणाला उच्चारता येत नसे, म्हणून कुणी हाकही मारत नसे. सोमवारी कॉफीच्या भांड्याभोवती घोळका जमे, आणि हे कडेला पेला धरून उभे. मग त्यांनी ग्रंथालयात बसून जुनी वर्तमानपत्रे चाळली, आणि एका सोमवारी धीर करून बोलले की टोकियोत हेझ शंभर मीटर दहा सेकंदांत धावला होता. घोळक्यातल्या एका वयस्क गृहस्थाने वळून पाहिले आणि विचारले, "हातचे की यंत्राचे?"

"त्या मुलखात कामाव्यतिरिक्त ह्यांना कुणी विचारलेला तो पहिला प्रश्न," आक्का म्हणाली. "त्या रात्री हे जेवताना बोलले."

मी निघण्याच्या आठवड्यात दाजींना घेऊन व्यायामोपचार करणाऱ्या बाईंकडे जाण्याची पाळी माझ्यावर आली. गुडघ्याच्या शस्त्रक्रियेनंतर त्यांची चाल तपासायची होती : खुर्चीतून उठावे, तीन मीटर चालावे, वळावे आणि पुन्हा येऊन बसावे. दाजी उठले. काठी टेकीत, जमिनीवर चिकटवलेल्या पट्टीपर्यंत गेले, वळताना क्षणभर डळमळले, आणि परत येऊन बसले तेव्हा त्यांच्या कपाळावर घाम होता. बाईंनी घड्याळ दाबून सांगितले, "अठरा सेकंद. छान!"

दाजींनी बाईंच्या मुठीतल्या घड्याळाकडे पाहिले, मग माझ्याकडे.

"हातचे आहे," ते म्हणाले. "चोवीस शतांश मिळवायला सांग त्यांना."